रेपो आपल्याच डिस्कवर : प्रस्तावना

लिनक्सवर एखादे सॉफ्टवेअर टाकायचे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येते : टर्मिनलमध्ये एक ओळ लिहायची, एंटर दाबायचे आणि दूरच्या कुठल्याशा सर्व्हरवरून फाइली उतरू लागायच्या. या चित्रात इंटरनेट इतके मुरलेले आहे की नेट गेले म्हणजे पॅकेज व्यवस्थाच बंद पडली, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्या व्यवस्थेच्या गरजा तीनच असतात : एक पत्ता, त्या पत्त्यावर ठेवलेली सूची आणि त्या सूचीवर विश्वास ठेवायला सबळ कारण. पत्ता परदेशातल्या सर्व्हरचा असो किंवा त्याच संगणकाच्या डिस्कवरच्या फोल्डरचा, पुढचे सगळे काम त्याच शिस्तीने होते. हा दुसरा पत्ता कसा लिहायचा, त्यामागचा साठा, म्हणजे रेपो, कसा उभारायचा आणि तो वर्षानुवर्षे भरवशाचा कसा ठेवायचा, हा या पुस्तकाचा विषय आहे.

पुस्तक लिहिताना भंडारा जिल्हा डोळ्यांसमोर होता. भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर असे इथले सात तालुके. महामार्गालगतच्या गावात बसून काम करणे आणि कोका-नागझिऱ्याच्या जंगलालगत शाळेची लॅब सांभाळणे यांत फरक आहे. एक साधा हिशेब मांडू. लॅबमध्ये २० संगणक आहेत आणि प्रत्येकाला दीड जीबीची अद्ययावत पॅकेजे हवी आहेत. प्रत्येक संगणकाने आपापली फाइल नेटवरून आणली तर ३० जीबी लागतात. शिक्षकाच्या मोबाइलवर रोज दोन जीबी डेटा मिळत असेल, तर बाकी काहीही न करता पंधरा दिवस एवढेच काम चालेल. तीच पॅकेजे एकदा आणून डिस्कवर नीट मांडली तर दीड जीबीत सगळी लॅब उभी राहते, आणि एकविसाव्या संगणकासाठी नेटला हातही लावावा लागत नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडारा शहरातल्या वस्त्या वेढल्या होत्या. अशा दिवसांत रस्ता, वीज, नेटवर्क यांतले काहीच गृहीत धरता येत नाही. जे हाताशी साठवलेले असते त्यावरच काम चालते.

नवख्या वाचकासाठी आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. पॅकेजांनी भरलेला फोल्डर म्हणजे रेपो नव्हे. पेनड्राइव्हवर पन्नास पॅकेज फाइली आणल्या आणि एकेक टाकत गेलो, तर तिसऱ्या-चौथ्या फाइलीशी गाडी अडते, कारण तिला आधी दुसरे काहीतरी हवे असते आणि त्या दुसऱ्याला तिसरे. हे परस्परावलंबन सोडवायचे तर कोणत्या पॅकेजाला काय लागते, त्याची आवृत्ती कोणती, आकार किती आणि त्याची हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, काय, याची यादी एका जागी लागते. डेबियनच्या घराण्यात ही यादी ‘पॅकेजेस’ नावाच्या फाइलीत असते आणि तिच्या वर ‘रिलीज’ नावाची फाइल असते. रेड हॅटच्या घराण्यात ‘रेपोडेटा’ नावाच्या फोल्डरात ‘रेपोएमडी’ ही मुख्य फाइल बाकीच्या याद्यांची वाट दाखवते. सूची आली की फोल्डरचा रेपो होतो. या पुस्तकातले निम्मे कष्ट सूचीवरच खर्च झाले आहेत, आणि ते योग्यच आहे.

ही कल्पना टप्प्याटप्प्याने घडली. टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीची सामग्री एका जागी आणणारे ‘सीटॅन’ १९९२ मध्ये आणि पर्लची मॉड्यूले एकत्र करणारे ‘सीपॅन’ १९९५ मध्ये उभे राहिले. सगळे काही एका ठरावीक मांडणीत ठेवायचे आणि त्या मांडणीची जशीच्या तशी नक्कल जगभर करू द्यायची, हा धडा त्यांनी दिला. ऑगस्ट १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी डेबियन प्रकल्प जाहीर केला. जून १९९६ मध्ये आलेल्या डेबियन १.१ मध्ये ४७४ पॅकेजे होती. मार्क यूइंग आणि एरिक ट्रोन यांचे आरपीएम १९९५ मध्ये रेड हॅटने आणले. डेबियनचे डीपीकेजी आणि रेड हॅटचे आरपीएम ही दोन्ही साधने पॅकेज टाकत, काढत आणि काय कमी आहे ते सांगत, पण जे कमी आहे ते शोधून आणणे माणसावरच पडे. ही उणीव एपीटीने भरून काढली. ते १९९८ मध्ये आले आणि मार्च १९९९ च्या डेबियन २.१ मधून सर्वांपर्यंत पोहोचले. रेड हॅटच्या बाजूला ड्यूक विद्यापीठातले सेथ विडाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘यम’ घडवले. पुढे त्याची जागा डीएनएफने घेतली आणि २०१५ च्या फेडोरा २२ पासून तेच मूळचे साधन झाले.

या इतिहासात एक गोष्ट अनेकदा सुटून जाते. एपीटीने पहिल्यापासून नेटवरचा सर्व्हर, सीडी आणि डिस्कवरचा फोल्डर या तिन्हींना एकाच मापाने मोजले. स्रोतांच्या यादीत तिन्ही शेजारी शेजारी बसतात. भारतात तर लिनक्स मुख्यतः सीडीवरूनच घरोघरी पोहोचले. १९९० च्या दशकात ‘पीसी क्वेस्ट’ मासिकाने अंकासोबत लिनक्सच्या सीडी दिल्या, आणि डायलअपच्या काळात कित्येकांची या व्यवस्थेशी पहिली ओळख त्यांतून झाली. जून २००५ चे डेबियन ३.१ सीडीवर घ्यायचे तर १४ सीडी लागत. जवळचा साठा ही नेट नसलेल्यांसाठी मागाहून केलेली सोय आहे, असे मानणाऱ्यांनी हा क्रम पाहावा. ती या व्यवस्थेची मूळची रीत आहे. स्वस्त ब्रॉडबँड आल्यावर आपण ती विसरलो.

आता पत्त्याविषयी. वेबवरचे पत्ते कसे लिहावेत हे ठरवणाऱ्या डिसेंबर १९९४ च्या आरएफसी १७३८ मध्येच ‘फाइल’ या प्रकारच्या पत्त्याला जागा मिळाली होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये आरएफसी ८०८९ ने तो नियम नव्याने नीट बांधला. ‘फाइल’, त्यापुढे अपूर्णविराम आणि मग तीन तिरप्या रेघा, असा हा पत्ता सुरू होतो. तीन रेघा पाहून नवखा माणूस गोंधळतो. पहिल्या दोन रेघांनंतर यंत्राचे नाव यायचे असते. आपण ते रिकामे सोडतो, म्हणजे ‘हेच यंत्र’ असे सांगतो. तिसरी रेघ ही लिनक्सच्या मूळ फोल्डरची आहे आणि तिच्यापासून पुढचा सगळा मार्ग सुरू होतो. हे एकदा समजले की दोन रेघा लिहून होणारी चूक पुन्हा होत नाही, कारण दोनच लिहिल्या तर व्यवस्था पहिल्या फोल्डरच्या नावालाच यंत्राचे नाव समजते.

आज या क्षेत्रात चार वाटा दिसतात. पहिली पूर्ण प्रतीची. मूळ साठा जसाच्या तसा, डिजिटल सह्यांसकट उतरवायचा. डेबमिरर आणि एपीटी-मिरर ही साधने हेच काम करतात. डेबियन १३ मध्ये ६९ हजारांहून अधिक पॅकेजे असल्याने या वाटेला मोठी डिस्क आणि चांगले नेट लागते. दुसरी निवडक साठ्याची. लॅबला हवी ती पॅकेजे आणि त्यांची परावलंबने वेचायची आणि रेप्रेप्रो, ॲप्टली किंवा क्रिएटरेपो-सी यांसारख्या साधनाने त्यांची स्वतंत्र सूची करायची. तिसरी माध्यमाची. डीव्हीडी किंवा तिची आयएसओ फाइल माउंट करून तिथूनच पॅकेजे वाचायची. चौथी मधल्या साठ्याची. लॅबमधल्या एका यंत्राने नेटवरून आणलेले जपून ठेवायचे आणि बाकीच्यांना द्यायचे. चौथ्या वाटेला अधूनमधून तरी नेट लागते. पहिल्या तिन्ही वाटा फाइल-पत्त्यावर पूर्णपणे उभ्या राहू शकतात. तो पत्ता एका यंत्राच्या फाइल-व्यवस्थेपुरता असला, तरी एनएफएस या नेटवर्कवरच्या फाइल-व्यवस्थेने एकच फोल्डर सगळ्या यंत्रांवर एकाच ठिकाणी जोडला की सगळ्या लॅबला एकच ओळ पुरते.

ही रीत लिनक्सच्या दोन घराण्यांपुरती नाही. सोलारिस ११ ची पॅकेज व्यवस्था फाइल-पत्त्याचा रेपो थेट स्वीकारते. पायथनच्या पिपला डिस्कवरचा फोल्डर दाखवून नेटकडे पाहू नको असे बजावता येते. आर भाषेतही डिस्कवरचा साठा पत्त्याने देता येतो. टेक लाइव्हचा व्यवस्थापकही स्थानिक साठ्यावर चालतो. एका ठिकाणी पकडलेले सूत्र सगळीकडे कामाला येते, म्हणून हे पुस्तक आज्ञांच्या आधी सूत्र शिकवते.

विश्वासाच्या बाबतीत दोन घराण्यांचे मार्ग वेगळे आहेत, आणि या विषयातला सर्वांत महत्त्वाचा धडा याच फरकात आहे. आरपीएममध्ये सही सहसा प्रत्येक पॅकेजावर असते. त्यामुळे पॅकेजे दुसऱ्या फोल्डरात हलवली आणि सूची स्वतः बनवली, तरी प्रत्येक फाइलीची मूळ सही तपासता येते. डेबियनमध्ये सही सूचीच्या वरच्या फाइलीवर असते. त्या फाइलीत सूचीची हॅश असते आणि सूचीत प्रत्येक पॅकेजाची. ही साखळी जशीच्या तशी उतरवली तर डेबियनची सही आपल्या डिस्कवरही लागू राहते. निवडक पॅकेजांची सूची स्वतः केली की साखळी तुटते आणि तिथे आपली स्वतःची किल्ली लागते. पुष्कळ जण इथे सोपी पळवाट काढतात. ‘ट्रस्टेड’ असा शेरा मारून किंवा जीपीजीची तपासणी बंद करून मोकळे होतात. डिस्क आपलीच आहे, मग तपासायचे कशाला, असा त्यामागचा युक्तिवाद असतो. पण डिस्क हातोहात फिरते. २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रामने नेटपासून तोडलेल्या यंत्रांपर्यंत पेनड्राइव्हवरून जाता येते हे जगाला दाखवले. जवळच्या साठ्याला तपासणी दूरच्या साठ्याइतकीच लागते, आणि या पुस्तकात तपासणी बंद ठेवलेली एकही रचना अंतिम म्हणून दिलेली नाही. सहीच्या मर्यादाही त्यात सांगितल्या आहेत. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट सापडली, ती प्रकल्पाच्या विश्वासू मानलेल्या हातातूनच आली होती. माल कोणाकडून आला हे सही सांगते. तो निर्मळ आहे का, हे ती सांगू शकत नाही. म्हणूनच साठ्यात काय घ्यायचे आणि केव्हा घ्यायचे याचा निर्णय माणसाला करावा लागतो.

लॅबमध्ये अडचणी येतात त्या बहुधा साध्या गोष्टींमुळे. पेनड्राइव्हच्या नावात रिकामी जागा असेल तर ती पत्त्यात टक्का-चिन्ह आणि २० असे लिहून भरावी लागते, नाहीतर ओळीचे तुकडे पडतात. पेनड्राइव्ह आपोआप जोडला जातो तो लॉगिन केलेल्या माणसाच्या नावाच्या फोल्डरात, आणि तो फोल्डर एपीटीच्या वेगळ्या, कमी अधिकारांच्या वापरकर्त्याला वाचता येत नाही. म्हणून साठा सर्वांना वाचता येईल अशा कायमच्या जागी ठेवावा. फॅट-३२ वर चार जीबीपेक्षा मोठी आयएसओ मावत नाही आणि त्यावर सिम्बॉलिक लिंकही ठेवता येत नाहीत. रेड हॅट घराण्याच्या आठव्या आवृत्तीपासून डीव्हीडीवर बेस-ओएस आणि ॲप-स्ट्रीम असे दोन साठे असतात. एकाचाच पत्ता दिला की निम्मी पॅकेजे सापडत नाहीत. एपीटीत ‘फाइल’ पत्ता दिल्यास पॅकेज जागच्या जागी वाचले जाते, ‘कॉपी’ दिल्यास आधी आपल्या डिस्कवर उतरते. काढून नेण्याच्या डिस्कसाठी दुसरा मार्ग बरा. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरचा सेल संपला की तारीख मागे जाते आणि उत्तम सही केलेली सूचीही ‘अजून लागू नाही’ म्हणून नाकारली जाते. उलट बाजूने, डेबियनच्या सुरक्षा-सूचीला थोड्या दिवसांचीच मुदत असते. डिस्कवरची प्रत जुनी झाली की व्यवस्था अडते. ही अडवणूक चीड आणते, पण तिचे म्हणणे खरे असते : साठा शिळा झाला आहे, आता ताजा करा.

महाराष्ट्राला हा मार्ग नवा नाही. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जतजवळच्या खैराटच्या शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’चा भारतातला पहिला प्रयोग झाला. मुलांच्या हातातले एक्सओ लॅपटॉप फेडोरावर बेतलेले होते. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने चाललेल्या ‘क्लिक्स’ प्रकल्पाने अनेक राज्यांतल्या शाळांत नेटशिवाय चालणारे शाळा-सर्व्हर ठेवले आणि त्यावरची गस्टुडिओ ही प्रणाली मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात घडली. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ने मराठीसह अनेक भारतीय भाषांत पाठ तयार केले आणि नेट नसलेल्या ठिकाणीही ते चालावेत याची काळजी घेतली. सी-डॅकची ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली डेबियनवर उभी आहे. देवनागरीचे लोहित फॉन्ट रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी सांभाळले. इतके मराठी काम झालेले असूनही ते गावच्या लॅबपर्यंत पोहोचते की नाही, हे शेवटी त्या यंत्राच्या स्रोत-यादीवर ठरते. लिबरऑफिसचे मराठी पॅकेज, मराठी डेस्कटॉपचा संच आणि देवनागरीचे फॉन्ट साठ्यात असतील, तर मुलांना पहिल्या दिवसापासून मेन्यू मराठीत दिसतात. नसतील, तर ‘नेट आल्यावर टाकू’ असे म्हणत वर्ष सरते.

आज हे तातडीचे का, याची कारणे ठोस आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा मोफत आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० हा सुरक्षा-घटक लागतो, जो पुष्कळ जुन्या संगणकांत नसतो. चालती यंत्रे भंगारात काढायची की त्यांवर लिनक्स टाकायचे, हा प्रश्न आता कित्येक शाळांपुढे आहे, आणि लिनक्स टाकायचे म्हणजे पॅकेजे आणायची. दुसरे कारण, दूरचे पत्ते कायम टिकत नाहीत. सेंटओएस ८ चा आधार ३१ डिसेंबर २०२१ ला संपला, पुढे त्याचा साठा जुन्या पत्त्यांवरून हलवला गेला आणि चालू यंत्रांवरच्या आज्ञा एकाएकी चुका दाखवू लागल्या. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्टच्या एनपीएम या पॅकेज-साठ्यावरून ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे ११ ओळींचे पॅकेज त्याच्या कर्त्याने काढून घेतले आणि जगभरचे प्रकल्प अडले. ज्यांची प्रत जवळ होती त्यांचे काम चालू राहिले. तिसरे कारण शिक्षणाचे. दूरच्या सर्व्हरशी बोलणारी व्यवस्था विद्यार्थ्याला आतून दिसत नाही. डिस्कवरचा रेपो मात्र उघडून दाखवता येतो : ही सूची, ही हॅश, ही सही, आणि एक अक्षर बदलले की तपासणी कशी नापास होते ते पाहा. पॅकेज व्यवस्था शिकवायला याहून चांगली प्रयोगशाळा मला माहीत नाही.

या जिल्ह्याला साठवणीचे शास्त्र शिकवण्याची गरज नाही. इथले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, गावोगावच्या धानाला पिढ्यान्‌पिढ्या पाणी देत आले. ते बांधण्यात कोहळी समाजाचे कौशल्य मोठे होते. पण १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि देखभालीची जुनी घडी मोडल्यावर अनेक तलाव गाळाने भरले. पाणी अडवणे हा कामाचा अर्धा भाग. पाळ, पाट आणि गाळ यांची जबाबदारी ठरलेली असणे हा उरलेला अर्धा. डिस्कवरच्या रेपोचेही असेच आहे. उभारणीचे काम एका दुपारचे. महिन्यामहिन्याला सुरक्षा-अद्यतने आणणे, जुनी आवृत्ती काढणे, किल्ली जपणे, नोंद ठेवणे आणि बदली झाल्यावर सगळे दुसऱ्याच्या हाती नीट सोपवणे, हे वर्षांचे काम. ज्या लॅबमध्ये हे कोणाच्या नावावर लिहिलेले नाही, तिथला रेपो दोन वर्षांत धोक्याचा होतो, कारण त्यातून तत्परतेने जुनी, भोके पडलेली पॅकेजे वाटली जातात.

म्हणून हे पुस्तक आज्ञांचा संग्रह म्हणून लिहिलेले नाही. ते एका माणसासाठी लिहिले आहे : जो शाळेत, महाविद्यालयात, वाचनालयात किंवा ग्रामपंचायतीत दहा-वीस संगणकांची जबाबदारी घेतो, ज्याला टर्मिनलची भीती नाही पण सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरचे शिक्षणही मिळालेले नाही. त्याने डेबियन आणि रेड हॅट या दोन्ही घराण्यांत साठा उभा करावा, त्यावर सही करावी, तो दुसऱ्या यंत्रांना जोडावा आणि चूक आल्यावर तिचा अर्थ वाचून कारण शोधावे, एवढी तयारी करून देण्याचा इथे प्रयत्न आहे. प्रत्येक रचनेसोबत ती का तशी आहे हे सांगितले आहे, कारण साधने बदलतात. एपीटीची एका ओळीची जुनी स्रोत-यादी जाऊन अनेक ओळींची नवी मांडणी येते आहे, उद्या आणखी काही येईल. पत्ता, सूची आणि सही यांचे नाते मात्र ज्याला कळले, त्याला नवी मांडणी परकी वाटणार नाही. मोठ्या कंपन्यांची सर्व्हर-केंद्रे आणि कंटेनरांचे साठे हे विषय मुद्दाम बाहेर ठेवले आहेत. त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

वाचकाकडे एकच मागणे आहे. पुस्तक संगणकासमोर बसून वाचा, आणि पहिला साठा लहान करा : पाच पॅकेजांचा, पण सही केलेला. तो चालला की त्याची नोंदवही उघडा आणि पहिल्या पानावर दोन गोष्टी लिहा : हा साठा कोण सांभाळतो आणि तो शेवटचा ताजा केव्हा केला. पाच पॅकेजांचे पाच हजार करणे हे पुढे डिस्कचे आणि वेळेचे काम आहे. या दोन ओळी खऱ्या ठेवणे हे तुमचे काम आहे, आणि तुमच्या लॅबमधली मुले कोणत्या सॉफ्टवेअरवर विसंबून शिकणार हे त्यावरच ठरणार आहे.